आजा, आजोबा आणि ओव्हल : त्रिनिदादमधले सहा दिवस

माझ्या लेकाला दोन आजोबा. एक दादरचे, म्हणजे माझे बाबा. दुसरे त्रिनिदादचे, माझे सासरे. त्यांना तो 'आजा' म्हणतो. हा शब्द मी शिकवलेला नाही. त्रिनिदादमध्ये वडिलांच्या वडिलांना आजा आणि वडिलांच्या आईला आजी म्हणतात. उसाच्या मळ्यांवर करारानं आलेल्या माणसांची भोजपुरी तिथल्या घरांतून जवळजवळ गेली, पण नाती तेवढी राहिली.

सासऱ्यांना मी 'पा' म्हणते. ते १९७९ साली न्यूयॉर्कला आले आणि क्वीन्समधल्या रिचमंड हिलमध्ये स्थिरावले. आमच्या लग्नात, दादरच्या हॉलमध्ये, पंगत उठल्यावर बाबा आणि पा कोपऱ्यात दोन खुर्च्या ओढून बसले होते. दोघांची तोवर धड ओळखही नव्हती. पा म्हणाले, '१९७१ला मी ओव्हलवर होतो.' ओव्हल म्हणजे लंडनचं नव्हे, त्रिनिदादची राजधानी पोर्ट ऑफ स्पेनमधलं क्रिकेटचं मैदान. बाबा उठले, रिक्षा करून घरी गेले आणि वही घेऊन आले.

ती शंभरपानी वही म्हणजे बाबांच्या शाळकरी वयातला, अजित वाडेकरांच्या संघाच्या १९७१च्या वेस्ट इंडीज दौऱ्याच्या बातम्यांचा संग्रह. भाताच्या खळीनं चिकटवलेली कात्रणं, समासात निळ्या शाईनं केलेल्या बेरजा. शेवटच्या पानावर चौकटीत लिहिलेलं : गावसकर ७७४, सरदेसाई ६४२.

बाबांना जाऊन दोन वर्षं झाली. या मार्चमध्ये पा म्हणाले, 'बेटी, ती वही घे. ओव्हलला जाऊन येऊ.' नवऱ्याला रजा मिळाली नाही. चौऱ्याहत्तर वर्षांचे पा, नऊ वर्षांचा लेक आणि मी, असे तिघं निघालो.

पहिला दिवस : पियार्को ते डेबे

न्यूयॉर्कहून पाचेक तासांत विमान पियार्कोला उतरतं. बाहेर पडताच ओली, गरम हवा अंगावर आली आणि क्षणभर मे महिन्यातली मुंबईच वाटली. पांचा भाचा गाडी घेऊन आला होता. गाड्या डाव्या बाजूनं चालतात हे बघून लेक हरखला.

घरी जाण्याआधी क्युरेपच्या चौकात गाडी थांबली. रात्रीचे साडेदहा, आणि डबल्सच्या गाडीभोवती वीसेक माणसं. डबल्स म्हणजे हळद घातलेल्या मैद्याचे दोन मऊसूत तळलेले 'बारा', त्यांच्यावर रसरशीत चणे, चिंचेची चटणी, काकडी आणि तिखट. कागदावर मिळतं, उभ्यानं खायचं. विकणाऱ्या बाईंनी विचारलं, तिखट किती? पा म्हणाले, 'स्लाइट.' पहिला घास घेतला आणि पा एकदम गप्प झाले. दुसरा संपेपर्यंत कुणाशी बोलले नाहीत.

जाणाऱ्यांसाठी : 'स्लाइट' म्हणजे अगदी थोडं. आपल्याला तिखटाची सवय आहे म्हणून जास्त मागू नका, तिथली मिरची वेगळ्याच जातीची आहे. डबल्स खरे सकाळचे, नऊनंतर चांगल्या गाड्यांवरचे संपतात. एका अमेरिकन डॉलरला साधारण पावणेसात त्रिनिदादी डॉलर येतात. डबल्सवाल्यांसाठी सुटे पैसे जवळ ठेवावेत.

दुसरा दिवस : फुआचं स्वयंपाकघर

पांची धाकटी बहीण डेबेत राहते. माझा नवरा तिला 'फुआ' म्हणतो, म्हणून मीही. ती मला 'दुलाहिन' म्हणते. लग्नाला अकरा वर्षं झाली तरी तिच्या लेखी मी नवी नवरीच.

पहाटे उठून स्वयंपाकघरात गेले. फुआ दालपुरी करत होती. तिला हिंदी येत नाही, भोजपुरीची चार गाणी तेवढी येतात, तीही लग्नातली. पण हातातल्या प्रत्येक वस्तूचं नाव विचारलं तर ती सांगते : तवा, बेलना, चौकी, कलछुल. दालपुरी म्हणजे भरड वाटलेली डाळ आणि भाजलेल्या जिऱ्याची पूड भरलेली पातळ पोळी. पुरणपोळीत गुळाऐवजी जिरं-मीठ घातलं तर जे होईल ते. सोबत 'बैगन चोका', थेट विस्तवावर भाजलेल्या वांग्याचं भरीत. मी म्हटलं, आमच्याकडेही वांगं असंच भाजतात. फुआनं वर बघून विचारलं, 'मग तुमचं जहाज कुठलं?'

या घरांत हा प्रश्न सहज विचारतात. ३० मे १८४५ रोजी 'फातेल रझाक' हे पहिलं जहाज सव्वादोनशे माणसं घेऊन पोर्ट ऑफ स्पेनच्या किनाऱ्याला लागलं. १९१७ पर्यंत सुमारे १ लाख ४४ हजार माणसं आली. गुलामी कायद्यानं संपली होती आणि मळेवाल्यांना स्वस्तात हात हवे होते. बहुतेक माणसं आजच्या उत्तर प्रदेश-बिहारमधली, कलकत्त्याहून जहाजात बसलेली. मराठी माणसं या बाजूला फारशी आली नाहीत. आपल्या कोकणातली गेली ती मॉरिशसला, तिथे आजही मराठी बोलणारी घरं आहेत. मी फुआला सांगितलं, माझं जहाज नाही, मी विमानानं आले. ती म्हणाली, 'तेही जहाजच.'

दुपारी पा मला मागच्या रस्त्यानं फिरायला घेऊन गेले. पूर्वी दोन्ही बाजूंनी ऊस होता. सरकारी साखर कंपनी २००३ साली बंद झाली, आता तिथे घरं, गॅरेज आणि रान. पांच्या लहानपणी घर कंपनीच्या जमिनीवर, खेळही कंपनीच्या जमिनीवर. इकडे मैदानाला 'सव्हाना' म्हणतात. गोऱ्या साहेबांची मॅच असली की पोरं कुंपणाबाहेर उसात उभी राहून बघायची.

'लोक म्हणतात, क्रिकेट इंग्रजांनी आम्हाला दिलं,' पा म्हणाले. 'आम्हाला कुणी दिलं नाही. आम्ही कुंपणाबाहेरून बघून बघून घेतलं.'

संध्याकाळी डेबेच्या रस्त्याकडेच्या टपऱ्यांवर फुलौरी आणि सहीना. सहीना म्हणजे आपल्या अळूवडीची सख्खी मावसबहीण, फक्त चपटी आणि जाड. इतक्या दूर अळूची वडी भेटल्यावर मी तीन खाल्ल्या.

तिसरा दिवस : ओव्हल

सकाळी सॅन फर्नांडोहून मॅक्सी टॅक्सीनं पोर्ट ऑफ स्पेन. या छोट्या बसगाड्यांवर रंगीत पट्टे असतात. दक्षिणेकडच्या मार्गावर हिरवा, पूर्वेकडच्या मार्गावर लाल. पट्टा बघून चढलं की चुकत नाही. सॅन फर्नांडोहून समुद्रमार्गे बोटही आहे, पण तिच्या वेळा मोजक्याच, त्यामुळे आदल्या दिवशी चौकशी करावी.

क्वीन्स पार्क सव्हानाच्या कडेला पिवळ्या फुलांनी डवरलेली पोई झाडं होती. एकही पान नाही, नुसतं पिवळं. नारळपाणी प्यायलो आणि ट्रॅगरीट रोडनं चालत ओव्हलला पोचलो.

हे मैदान क्लबच्या मालकीचं आहे. मॅच नसताना आत जायचं तर आधी फोन करून विचारावं. आम्ही विचारलं होतं. दारावरच्या बाईंनी पांना पाहिलं, वहीकडे पाहिलं आणि एका ज्येष्ठ माळीबुवांना हाक मारून आमच्यासोबत दिलं.

ओव्हलचं फोटोत न येणारं सौंदर्य म्हणजे उत्तरेकडचे डोंगर. खेळपट्टीच्या मागे हिरवी भिंत उभी असावी तसे ते दिसतात, आणि त्यांच्यावरून ढग उतरत असतात. पा पश्चिमेकडच्या पायऱ्यांवर जाऊन बसले. 'इथे नव्हतो. तिकडे, उन्हाच्या बाजूला. सावलीचं तिकीट परवडत नव्हतं.' मग उठून उन्हात जाऊन बसले. आम्हीही गेलो.

मी वही काढली.

६ मार्च १९७१, दुसरी कसोटी. पा तेव्हा वीस वर्षांचे. एकवीस वर्षांचा सुनील गावसकर पहिल्यांदाच भारताकडून खेळत होता. जॅक नोरिएगानं ९५ धावांत ९ बळी घेतले. वेस्ट इंडीजच्या दुसऱ्या कुठल्याही गोलंदाजाला कसोटीच्या एका डावात नऊ बळी मिळालेले नाहीत. आणि तरी भारतानं ती मॅच ७ गडी राखून जिंकली. मडगावच्या दिलीप सरदेसाईंनी ११२ केल्या. दुसऱ्या डावात सलीम दुराणींनी वेस्ट इंडीजचा कर्णधार सोबर्सला शून्यावर उडवलं आणि लॉइडलाही घालवलं. गावसकर ६५ आणि नाबाद ६७. वेस्ट इंडीजवर भारताचा हा पहिलाच कसोटी विजय. एप्रिलमध्ये याच मैदानावर शेवटच्या कसोटीत, दाढ ठणकत असताना, गावसकरनं १२४ आणि २२० केल्या. चार कसोट्यांत ७७४.

बाबांच्या वहीत हे सगळं होतं. नव्हतं ते पांकडे होतं. सोबर्सचा त्रिफळा उडाला तेव्हा मैदान कसं शांत झालं, आणि त्या शांततेत उन्हाच्या बाजूच्या काही लोकांनी टाळ्या वाजवल्या, त्यात पाही होते.

'शेजारचा माणूस माझ्याकडे वळला. रागानं नाही. खरंच कळत नव्हतं म्हणून त्यानं विचारलं, तू कुठला?'

या देशात हा प्रश्न साधा नाही. २०११च्या जनगणनेत भारतीय वंशाचे ३५.४ टक्के, आफ्रिकी वंशाचे ३४.२ टक्के. दोघांचे पूर्वज एकाच उसासाठी आणले गेले, एकांचे साखळदंडात आणि दुसऱ्यांचे अंगठ्याच्या ठशावर. भारताचा संघ आला की भारतीय वंशाच्या प्रेक्षकांच्या टाळ्यांकडे बाकीच्यांचं लक्ष असायचं. १९७६ साली तर पांची फार ओढाताण झाली. याच मैदानावर चौथ्या डावात ४०३ धावा हव्या असताना भारतानं ४ बाद ४०६ करून मॅच जिंकली. गावसकर १०२, विश्वनाथ ११२, मोहिंदर अमरनाथ ८५. आणि समोर गोलंदाजी करत होते रफिक जुमादीन आणि इम्तियाज अली, दोघंही त्रिनिदादचे, भारतीय वंशाचे. 'विश्वनाथचा कट सुंदर होता,' पा म्हणाले, 'पण चेंडू जुमादीनचा होता. मी कुणासाठी टाळी वाजवायची?' त्या पराभवानंतर क्लाइव्ह लॉइडनं फिरकीवरची भिस्त सोडून चार वेगवान गोलंदाजांचा मार्ग धरला.

माळीबुवा इतका वेळ मागे उभे होते. आफ्रिकी वंशाचे, वय पांइतकंच. आम्ही वही मिटणार तेवढ्यात ते गुणगुणायला लागले. १९७१च्या मालिकेवर लॉर्ड रिलेटर नावाच्या गायकानं गावसकरचा कॅलिप्सो, म्हणजे तिथल्या ढंगाचं गाणं, केला होता, तो. चाल पांनाही पाठ होती. दोन म्हातारे रिकाम्या मैदानावर एक गाणं म्हणत होते आणि माझा लेक टाळ्यांनी ठेका धरत होता. ज्यानं आपल्याला हरवलं त्याचं गाणं रचणारा देश मी दुसरा पाहिलेला नाही.

मग त्यांनी विचारलं, 'तेव्हा तू कुठे होतास?' पांनी उन्हाची बाजू दाखवली. माळीबुवांनी भिंतीपलीकडचं एक झाड दाखवलं. 'मी तिथे. तिकीटच नव्हतं.'

जाताना त्यांनी वहीतलं शेवटचं पान मागून घेतलं आणि चौकटीतल्या दोन आकड्यांवरून हळूच बोट फिरवलं. देवनागरी आकडे त्यांना वाचता येत नव्हते. मी काही सांगायच्या आधीच म्हणाले, 'सेव्हन सेव्हन्टी-फोर.'

परतीच्या मॅक्सीत लेकानं विचारलं, 'आजा, मग तू इंडिया की वेस्ट इंडीज?' पांनी बराच वेळ उत्तर दिलं नाही. नंतर म्हणाले, 'न्यूयॉर्कमध्ये पहिल्या वर्षी मला सगळे इंडियन म्हणायचे. मी सांगायचो, वेस्ट इंडियन. भारतातून आलेले लोक म्हणायचे, तुला हिंदी येत नाही, तू कसला इंडियन? मग एका रविवारी मी व्हॅन कॉर्टलँड पार्कमध्ये गेलो. गयानाचे, जमैकाचे, बार्बाडोसचे, पाकिस्तानचे लोक मॅच खेळत होते. एक माणूस कमी होता. मला कुणी काही विचारलं नाही. म्हणाले, पॉइंटला उभा राहा.'

चौथा दिवस : समुद्रातलं देऊळ

कोरड्या ऋतूत पाऊस पडत नाही असं सगळे सांगतात. सकाळपासून धो धो पडला. फुआनं चहात आलं घातलं आणि आम्ही दुपारपर्यंत ओट्यावर बसून राहिलो. पाऊस थांबल्यावर वॉटर्लूला गेलो.

सिवदास साधू नावाच्या मजुरानं १९४७ साली तिथे किनाऱ्यावर देऊळ बांधलं. जमीन साखर कंपनीची निघाली. त्याला तुरुंगात टाकलं, देऊळ पाडलं. बाहेर आल्यावर तो म्हणाला, समुद्र तर कंपनीचा नाही. सायकलवरून दगड-सिमेंट वाहून त्यानं भरती-ओहोटीच्या चिखलात पंचवीस वर्षं भराव घातला आणि त्यावर देऊळ उभं केलं. आजचं देऊळ १९९५ सालचं, पहिल्या जहाजाला दीडशे वर्षं झाली तेव्हा नव्यानं बांधलेलं. शेजारी स्मशानघाट आहे. पांच्या आईवडिलांचे अंत्यसंस्कार तिथलेच. पा तिथे एकटे जाऊन आले, आम्ही झेंड्यांच्या काठ्यांजवळ थांबलो.

गुडघ्याखाली पाय झाकणारे कपडे न्या आणि डासांचं मलम विसरू नका, संध्याकाळी किनाऱ्यावर डास फार.

पाचवा दिवस : एस्पेरान्स आणि टारूबा

सनी रामाधीनचं गाव एस्पेरान्स इथून जवळच. पांच्या वडिलांचा तो देव. १९५० साली केवळ दोन प्रथम श्रेणी सामन्यांच्या जोरावर हा वीस-एकवीस वर्षांचा पोरगा इंग्लंडला गेला. वेस्ट इंडीजकडून खेळलेला भारतीय वंशाचा पहिला खेळाडू. मनगटापर्यंत बटणं लावलेल्या बाह्या, डोक्यावर टोपी, आणि चेंडू कुठे वळणार ते कुणाला कळत नसे. लॉर्ड्सवर त्यानं मॅचमध्ये ११ बळी घेतले, जमैकाच्या अल्फ व्हॅलेंटाइननं ७. वेस्ट इंडीज पहिल्यांदाच इंग्लंडमध्ये जिंकले, तेही ३२६ धावांनी. पांचे वडील सांगायचे, त्या दिवशी उसाच्या फडात कोयते थांबले होते.

रामाधीन पुढे इंग्लंडमध्येच राहिले, २०२२ साली तिथेच वारले. त्यांचा नातू काइल हॉग लँकेशायरकडून खेळला. उसाच्या गावातून निघालेल्या घराचा नातू इंग्लंडच्या कौंटी संघात पोचला. मी गावातल्या रस्त्यावर उभी राहून लेकाला हे सांगत होते, आणि तो शांतपणे ऐकत होता, कारण ही त्याच्याच घरासारखी गोष्ट आहे.

मला नावांच्या प्रवासाचं फार वाटतं. वेस्ट इंडीजचा फलंदाज रोहन कन्हाय गयानातल्या पोर्ट मूरंटचा. ज्या कलकत्त्याहून बहुतेक जहाजं सुटली, त्याच कलकत्त्यात त्यानं १९५८-५९च्या दौऱ्यात २५६ धावा केल्या. त्याच्यावरून गावसकरनं आपल्या मुलाचं नाव रोहन ठेवलं. आणि इकडे अरिमात गावसकरवर जीव असलेल्या एका बापानं आपल्या मुलाचं नाव सुनील ठेवलं, तो सुनील नारायण. जहाजं एका दिशेनं गेली, परतीचा प्रवास नावांनी केला. सरकारी करारांनी हे घडवलेलं नाही.

संध्याकाळी टारूबाच्या ब्रायन लारा अकादमीच्या मैदानाबाहेर थांबलो. जून २०२४मध्ये इथेच अफगाणिस्तान टी-ट्वेंटी विश्वचषकाची उपांत्य फेरी खेळलं आणि ५६ धावांत गारद झालं. त्या संघाचा खेळ पाकिस्तानातल्या निर्वासितांच्या छावण्यांत रुजला. त्याच महिन्यात डॅलसला अमेरिकेनं पाकिस्तानला सुपर ओव्हरमध्ये हरवलं. ती ओव्हर टाकणारा सौरभ नेत्रावळकर आपल्या मुंबईचा, पेशानं इंजिनिअर. त्या दिवशी पा आणि लेक आमच्या दिवाणखान्यात उड्या मारत होते. खेळ जगभर पसरला याचं श्रेय मी प्रक्षेपण हक्कांना आणि मंडळांना देणार नाही. घर सुटलेल्या माणसांनी तो सामानातून नेला. पांनी १९७९ साली नेलेल्या बॅगेत दोन शर्ट, आईनं दिलेला तवा आणि एक जुना बॉल होता.

सहावा दिवस : मागचं अंगण

रविवार. विमान रात्रीचं. सकाळी फुआच्या अंगणात शेजारपाजारची पंधरा-वीस माणसं जमली. इथे त्याला 'फेट मॅच' म्हणतात : खेळ, स्वयंपाक आणि गाणी एकत्र. चेंडू 'विंडबॉल', म्हणजे हलका पोकळ रबरी. पांनी कोयत्यानं नारळाची झावळी तोडली, बुंध्याकडचा रुंद भाग तासला आणि दहा मिनिटांत बॅट केली. कोकणातल्या माझ्या मामेभावांची अगदी अशीच असायची.

लेक खेळायला उभा राहिला. पांनी शर्टाच्या बाह्या मनगटापर्यंत खाली ओढल्या आणि बटणं लावली. कुणी काही बोललं नाही, पण फुआ चुलीवरची डेग सोडून दारात आली. पहिला चेंडू बाहेर वळला. दुसराही तसाच दिसला आणि आत आला. मागची पत्र्याची बादली वाजली. लेकानं मागे वळून बघितलं आणि म्हणाला, 'आजा, परत टाक.'

पांनी तोच चेंडू सात वेळा टाकला. आठव्या वेळी लेकानं तो ओळखला आणि आंब्याच्या झाडापलीकडे मारला.

निघताना फुआनं कुचेल्याची बरणी बांधून दिली. किसलेल्या कैरीचं हे मसालेदार लोणचं नेणार असाल तर झाकणाला चिकटपट्टी लावून मोठ्या बॅगेत ठेवा, हातातल्या सामानात नेऊ देत नाहीत. वही मात्र मी हातातच ठेवली. तिचं एक पान आता थोडं फुगलंय, त्यात लेकानं ओव्हलबाहेरचं पोईचं फूल ठेवलंय.

झावळीची बॅट त्याला न्यूयॉर्कला न्यायची होती. पा म्हणाले, 'तिथे पोचेपर्यंत वाळेल. इथे दारामागे राहू दे. पुढच्या वर्षी आलो की नवी कापू.'